शब्द कानापर्यंत

झाशी शहराभोवती जुन्या काळी तट होता आणि त्या तटाला दहा दरवाजे होते. त्यांतील अनेक दरवाजांना, समोरून निघणारी वाट ज्या गावाला जाते, त्या गावाचेच नाव मिळाले. ओरछ्याच्या वाटेवरचा तो ओरछा दरवाजा, भांडेरच्या वाटेवरचा भांडेरी दरवाजा, सागरच्या वाटेवरचा सागर दरवाजा आणि दतियाच्या वाटेवरचा दतिया दरवाजा. लोकांच्या बोलण्यात तो आता दतिया गेट झाला आहे. नावातच पत्ता सांगण्याची ही रीत मोठी सोयीची होती. परगावचा माणूससुद्धा कोणत्या दरवाजाने बाहेर पडावे, हे नाव ऐकूनच ओळखत असे.

या शहराशी मराठी भाषेचे नाते अठराव्या शतकापासूनचे आहे. पेशव्यांच्या वतीने नारो शंकर यांनी येथील कारभार पाहिला. पुढे झाशीची सुभेदारी नेवाळकर घराण्याकडे आली. गंगाधरराव नेवाळकर यांना नाटकांची विलक्षण आवड होती. 1858 मध्ये इंग्रज फौजेने शहराला वेढा घातला, तेव्हा कोकणातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे झाशीतच होते. त्यांनी पाहिलेले सारे पुढे ‘माझा प्रवास’ या पुस्तकातून मराठी वाचकांपुढे आले. राज्य गेले, परंतु मराठी बोलणारी काही घरे मागे राहिली. नंतर रेल्वेच्या नोकरीच्या निमित्ताने आणखी काही घरे आली. या घरांतील माणसे बाजारात हिंदी बोलतात, शेजारी बुंदेली ऐकतात आणि मराठी बोलतात ती उंबरठ्याच्या आत. ज्या भाषेला रस्त्यावर जागा नाही, ती घरातल्या आवाजांवरच जगते. म्हणून अशा घरात आवाज नीट ऐकू येणे ही केवळ करमणुकीची बाब राहत नाही.

दतिया दरवाजाच्या आतल्या गल्लीतील असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. मुलगा रेल्वेत नोकरीला, सूनबाई शाळेत शिक्षिका, नातू महाविद्यालयात आणि आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. दुपारची कामे आटोपली की दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी लावून बसणे हा आजींचा अनेक वर्षांचा नेम. अलीकडे मात्र त्या समोर बसतात, मान डोलावतात आणि बातमी काय होती असे विचारले तर विषय बदलतात. नातू आवाज वाढवतो. आजी म्हणतात, “अरे, आवाज नको वाढवूस. ऐकू येतं मला. बोलतात काय ते कळत नाही.” एक दिवस त्या दूरदर्शनसमोर बसायच्याच थांबतात. नातवाशी त्यांचे मराठीतील बोलणेही कमी होते. कारण त्या बोलण्याचे अर्धे विषय त्याच पडद्यावरून येत असत. दिवाळीपूर्वी हाती आलेल्या बोनसमधून नवा दूरदर्शन संच घ्यावा, असे घरात ठरते. प्रश्न उरतो तो कोणता घ्यावा, हाच.

एके काळी हा प्रश्न इतका अवघड नव्हता. घरात रेडिओ असणे हीच मोठी गोष्ट होती आणि त्यासाठी टपाल कार्यालयातून वार्षिक परवाना घ्यावा लागे. 1955 च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झाले, तेव्हा ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे स्वर ऐकण्यासाठी एका रेडिओभोवती सारी आळी जमत असे. 1957 मध्ये विविध भारती आली, 1972 मध्ये मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि 1982 मध्ये रंगीत चित्र आले. त्या दिवसांत दुकानात दोन-चार नमुने असत आणि ग्राहकाने निवड करण्यापेक्षा दुकानदाराने वस्तू मिळवून देणे महत्त्वाचे असे. आज परिस्थिती उलटी झाली आहे. वस्तू भरपूर आहेत, त्यांच्या डब्यांवरील आकडे त्याहून भरपूर आहेत आणि ग्राहकाजवळ नसेल तर फक्त ते आकडे वाचण्याची दृष्टी नाही.

ही दृष्टी मिळवण्याची पहिली पायरी म्हणजे आपली गरज नेमक्या शब्दांत सांगता येणे. “चांगला दूरदर्शन हवा” ही गरज नव्हे, ती इच्छा आहे. “ऐकू येते पण कळत नाही” हे आजींचे वाक्य मात्र गरज सांगणारे आहे आणि त्यामागे शरीरशास्त्र आहे. माणसाच्या बोलण्यातील अ, आ, ओ यांसारखे स्वर खालच्या पट्टीतील आणि जोरकस असतात. स, श, थ, ठ, फ अशा व्यंजनांची ओळख पटवणारा आवाज वरच्या पट्टीत, साधारणपणे सेकंदाला दोन हजार कंपनांच्या वर असतो आणि तो मुळातच नाजूक असतो. उतारवयातील बहिरेपणा बहुधा वरच्या पट्टीपासून सुरू होतो. त्यामुळे स्वर ऐकू येतात, व्यंजने निसटतात. मराठीत तर एका हकाराच्या फुंकरीने अर्थ बदलतो. ‘पाट’ आणि ‘पाठ’, ‘ताट’ आणि ‘थाट’ हे शब्द ज्याला सारखेच ऐकू येतात, त्याला वाक्य पूर्ण ऐकूनही अर्थ लागत नाही. अशा माणसासाठी नुसता आवाज वाढवला, तर आधीच मोठे असलेले स्वर आणखी मोठे होतात आणि गोंगाट तेवढा वाढतो.

यावर पहिला उपाय दुकानात नाही. कानांच्या डॉक्टरांकडे जाऊन श्रवणचाचणी करून घेणे हा तो उपाय होय. कानातील मळापासून श्रवणयंत्राच्या गरजेपर्यंत काहीही कारण निघू शकते आणि कोणतेही उपकरण त्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही. परंतु दोष सगळा कानाचाच असतो, असेही नाही. आजचे दूरदर्शन संच बोटाएवढे पातळ झाले आहेत. पुढे केवळ पडदा ठेवावयाचा म्हणून त्यांचे ध्वनिवर्धक, म्हणजे स्पीकर, खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. आवाज आधी भिंतीवर किंवा टेबलावर आपटतो आणि मग माणसाकडे येतो. त्यातच जुन्या घरातील जाड भिंती, उघडी फरशी आणि उंच छत यांमुळे प्रत्येक शब्दामागे त्याचा पुसट प्रतिध्वनी रेंगाळतो. मागच्या शब्दाचा प्रतिध्वनी पुढच्या शब्दाच्या नाजूक व्यंजनावर बसतो आणि ते झाकले जाते. जमिनीवर जाड सतरंजी, खिडकीला दुपदरी पडदा आणि एखाद्या भिंतीशी पुस्तकांचे कपाट, एवढ्याने खोलीचा स्वभाव पुष्कळसा बदलतो. ध्वनिवर्धक ऐकणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर, त्याच्याकडे तोंड करून आणि शक्य तितका जवळ ठेवला, तर प्रतिध्वनीच्या आधी मूळ शब्द कानावर पडतो. यांपैकी बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत, लक्ष लागते.

आता पडद्याचा विचार करावा. दुकानात शिरताच नजर सर्वांत मोठ्या पडद्यावर जाते आणि दुकानदार लगेच म्हणतो, “अम्माजी, फोर-के घ्या; याच्या पुढचं काही नाही.” येथे थोडे गणित कामी येते. पडद्याचे इंच कर्णाने, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजतात. 43 इंची पडदा सुमारे 95 सेंटिमीटर रुंद असतो. त्यावरचे चित्र फुल एचडी असेल, तर आडव्या ओळीत 1,920 ठिपके असतात. म्हणजे एक ठिपका सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा झाला. सर्वसाधारण निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा फरक ओळखता येतो. तीन मीटर अंतरावर हा फरक जवळजवळ 0.9 मिलिमीटर भरतो. याचा अर्थ असा की, तीन मीटरवर बसलेल्या माणसाला अर्ध्या मिलिमीटरचे ठिपकेसुद्धा वेगळे दिसत नाहीत. मग त्याच आकाराच्या पडद्यावर चौपट ठिपके असलेले फोर-के चित्र त्याला अधिक बारीक दिसण्याचे कारण उरत नाही. शिवाय घरी येणारे प्रक्षेपणच साध्या स्पष्टतेचे असेल, तर पडदा कितीही उत्तम असला तरी नसलेला तपशील तो कोठून आणणार? ज्याची खोली मोठी आहे, जो जवळून पाहतो, ज्याच्याकडे तशा दर्जाचे चित्रपट येतात, त्याने मोठा पडदा अवश्य घ्यावा. बाकीच्यांनी आधी आपल्या खुर्चीपासून भिंतीपर्यंतचे अंतर टेपने मोजावे आणि मग दुकानाची पायरी चढावी.

आवाजाच्या बाबतीत डब्यावरचे आकडे याहूनही फसवे असतात. हाताच्या ओंजळीत मावेल अशा ध्वनिवर्धकावर ‘2000 वॅट’ असे ठळक छापलेले आढळते. त्याच्या शेजारी ‘पीएमपीओ’ ही बारीक अक्षरे असतात. हा आकडा मोजण्याची सर्वमान्य पद्धत नाही. तो जवळजवळ छापणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असतो. खरा आकडा ‘आरएमएस’ या अक्षरांपुढे असतो. उपकरण सातत्याने किती शक्ती देऊ शकते, हे तो सांगतो. तोही दिलेला नसेल, तर त्या उपकरणाचा अडॅप्टर उलटा करून पाहावा. त्यावर 12 व्होल्ट आणि 2 अँपिअर असे लिहिले असेल, तर दोहोंचा गुणाकार 24 वॅट होतो. ज्याच्या पोटात 24 वॅट जातात, तो दोन हजार वॅट सतत बाहेर कसे देईल? आणि दर खोलीला एवढी शक्ती लागतेही कोठे? शक्ती दुप्पट केली, तर आवाज केवळ तीन डेसिबलने वाढतो आणि कानाला तो जेमतेम थोडा मोठा वाटतो. आवाज दुप्पट मोठा वाटण्यासाठी शक्ती सुमारे दहापट करावी लागते. लहान खोलीत बातम्या, भजने आणि गाणी ऐकणाऱ्या घराला दहा-वीस खरे वॅट पुष्कळ होतात. आजींसारख्या श्रोत्यासाठी धडधडणाऱ्या खर्जापेक्षा बोलणे स्वच्छ करणारा मधला आणि वरचा पट्टा महत्त्वाचा. अनेक संचांत ‘स्पीच’ किंवा ‘क्लिअर व्हॉइस’ अशा नावाची सोय असते. ती खर्ज दाबून शब्द पुढे आणते.

उपकरण ठरले की तारांची पाळी येते आणि येथेच बहुतेक लोक गोंधळतात. वास्तविक दूरदर्शन संचाची मागील बाजू ही तटबंदीच्या शहरासारखीच आहे. तिलाही दरवाजे आहेत आणि प्रत्येकावर कोठे जावयाचे ते लिहिलेले आहे. पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल रंगांची तीन गोल छिद्रे हा जुना दरवाजा. पिवळ्यातून चित्र, पांढऱ्यातून डाव्या बाजूचा आवाज आणि लालमधून उजव्या बाजूचा. चपटे, रुंद छिद्र हे एचडीएमआयचे. 2002 मध्ये निश्चित झालेल्या या पद्धतीत चित्र आणि आवाज एकाच तारेतून जातात. त्यांपैकी एका छिद्रावर ‘एआरसी’ अशी अक्षरे असतात. तेथून आवाज संचाच्या बाहेर, वेगळ्या ध्वनिवर्धकाकडे परत नेता येतो. ‘ऑप्टिकल’ असे लिहिलेल्या छिद्रातून विजेऐवजी प्रकाशाच्या रूपाने आवाज जातो. स्क्रूचे आटे असलेले गोल तोंड हे छतावरच्या डिशकडून किंवा केबलवाल्याकडून येणाऱ्या तारेचे. नवीन ध्वनिवर्धक विकत घेण्यापूर्वी घरातील संचाच्या पाठीचे छायाचित्र काढून सोबत न्यावे. कोणत्या दरवाजाने जावयाचे, हे आधी ठरले तर चुकीची तार घरी येत नाही.

तारेचे काम निरोप्याचे आहे. निरोप जसा दिला तसा पोचवावा, त्यात आपले काही घालू नये आणि वाटेत काही गाळू नये, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित असते. जुन्या तीन रंगांच्या तारेतून विजेची लहर जशीच्या तशी वाहते. म्हणून तार हलक्या प्रतीची असेल, तिच्यावरील जाळीचे आवरण विरळ असेल किंवा ती विजेच्या तारांना चिकटून गेली असेल, तर चित्रात सावल्या येतात आणि आवाजात घरघर मिसळते. एचडीएमआयचा प्रकार निराळा. तेथे चित्र आणि आवाज हे शून्य आणि एक या अंकांच्या रूपाने जातात. अंक नीट पोचले, तर चित्र पूर्ण येते. ते पोचले नाहीत, तर पडद्यावर चमकणारे ठिपके दिसतात, चित्र तुटते किंवा पडदा काळा होतो. महागड्या तारेमुळे रंग अधिक गडद झाले, चेहरे अधिक उजळले, असे होऊ शकत नाही. पोचलेल्या ‘एका’ला अधिक चांगला ‘एक’ कोणी करू शकत नाही. सोन्याच्या मुलाम्याचे कौतुकही बेताचेच करावे. सोने गंजत नाही म्हणून जोडाच्या टोकाला ते उपयोगी आहे, परंतु वीज वाहून नेण्यात तांबे सोन्याहून सरस आहे. एचडीएमआय तार घेताना लांबी आणि प्रमाणित वर्ग पाहावा. दीड-दोन मीटरच्या तारेवर ‘हाय स्पीड’ असे प्रमाणित लिहिलेले असेल, तर फुल एचडी चित्राला ते पुरेसे असते. फोर-के चित्र सेकंदाला साठ वेळा बदलणारे असेल, तर ‘प्रीमियम हाय स्पीड’ हा वर्ग घ्यावा. तार फार लांब न्यावयाची असेल, तेव्हाच खास प्रकारच्या तारेवर अधिक खर्च करणे योग्य ठरते.

डिशच्या तारेकडे मात्र लोक उगाच दुर्लक्ष करतात. झाशीत राहून सह्याद्री वाहिनी पाहण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे दूरदर्शनची मोफत डिश सेवा. डिश आणि सेट-टॉप बॉक्स एकदा घेतला की मासिक वर्गणी लागत नाही. ही सेवा ज्या उपग्रहावरून येते, तो 93.5 अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर आहे. झाशी 78.6 अंश पूर्व रेखांशावर आणि विषुववृत्ताच्या उत्तरेस असल्यामुळे तेथील डिशचे तोंड दक्षिण आणि आग्नेय यांच्या दरम्यान ठेवावे लागते. एवढ्या लांबून आलेला संकेत अतिशय क्षीण असतो आणि छतापासून खोलीपर्यंतच्या तारेत तो आणखी क्षीण होतो. त्यासाठी 75 ओहमची, ‘आरजी-6’ या नावाने मिळणारी जाड तार वापरावी. मधे जोड देऊ नयेत, तार काटकोनात मोडू नये आणि टोकावरील जाळीचा एकही केस मधल्या तांब्याला टेकू देऊ नये. तार खिडकीतून आत घेण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्यावा. म्हणजे पावसाचे पाणी तारेवरून वाहत घरात न शिरता झोळापाशीच ठिबकून जाते. ही साधी युक्ती पुष्कळांना पावसाळ्यातील दुरुस्तीच्या खर्चापासून वाचवते.

वेगळे ध्वनिवर्धक बसवणाऱ्यांनी त्यांच्या तारेविषयी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली जाडीची. तांब्याची तार एक चौरस मिलिमीटर जाडीची आणि ध्वनिवर्धक पाच मीटर दूर असेल, तर जाण्यायेण्याच्या दहा मीटर तांब्याचा विरोध सुमारे 0.17 ओहम होतो. आठ ओहमच्या ध्वनिवर्धकापुढे तो शेकडा दोनच्या आसपास आहे आणि कानाला जाणवत नाही. म्हणजे साध्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी, शुद्ध तांब्याची दुपदरी तार पुरेशी आहे. तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार मात्र टाळावी. तिचा विरोध अधिक असतो. दुसरी गोष्ट दिशेची. लाल टोक लालला आणि काळे काळ्याला जोडावे. दोन ध्वनिवर्धकांपैकी एकाची टोके उलटी झाली, तर एक पडदा पुढे सरकत असताना दुसरा मागे सरकतो आणि दोघे मिळून खर्ज खाऊन टाकतात. गाणाऱ्याचा आवाज समोरून न येता कोठून तरी, पोकळ असा येऊ लागतो. पुष्कळ लोक अशा वेळी ध्वनिवर्धकाला दोष देऊन तो बदलावयास निघतात. दोष असतो तो दोन टोकांचा.

दुकानात परीक्षा घेण्याचीही एक रीत आहे. दुकानदार जे ऐकवतो ते त्याच्या मालाला शोभणारे असते. म्हणून आपल्या ओळखीचे ध्वनिमुद्रण सोबत न्यावे. गीतरामायणातील एखादे गीत यासाठी उत्तम, कारण त्यात शब्द प्रथम आणि वाद्ये नंतर आहेत. ज्या ध्वनिवर्धकावर प्रत्येक अक्षर सुटे ऐकू येते, तो आपला. दोन ध्वनिवर्धकांची तुलना करताना दोहोंचा आवाज सारखा ठेवावयास सांगावे, कारण जरा मोठ्याने वाजणारे कानाला नेहमीच चांगले वाटते. चित्राचेही तसेच आहे. दुकानातील झगझगीत दिव्यांत संच भडक रंगांवर लावून ठेवलेले असतात. तो घरी, दिवाणखान्यात कसा दिसेल ते पाहावयाचे तर ‘सिनेमा’ किंवा ‘स्टँडर्ड’ हा पर्याय लावून पाहावा. आणि ज्याच्यासाठी वस्तू घ्यावयाची, त्या माणसाला सोबत न्यावे. वरील घरातील आजींना दुकानात खुर्ची देऊन, डोळे मिटून ऐकावयास सांगितले, तर त्या एका मिनिटात जो निर्णय देतील, तो कोणत्याही माहितीपत्रकात सापडणार नाही.

खरेदी झाल्यावर पक्के बिल घ्यावे. त्यावर संचाचा अनुक्रमांक असावा आणि हमीपत्रावर दुकानाचा शिक्का व तारीख. भारतीय मानक ब्युरोचे नोंदणी चिन्ह आणि वीजबचतीचे तारे पाहावेत. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 हा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. दुकानातून घेतलेली वस्तू असो की घरबसल्या मागवलेली, दोहोंना तो लागू आहे. ग्राहकाला आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर सल्ला मिळतो. संच तीन पिनांच्या, अर्थिंग असलेल्या जोडणीवर लावावा. बुंदेलखंडातील उन्हाळा कडक असतो. म्हणून संचाच्या मागे हवा खेळण्यास जागा सोडावी. गडगडाट सुरू झाला की विजेची पिन आणि डिशची तार, दोन्ही काढून ठेवाव्यात.

एवढा विचार केला की त्या घराचा निर्णय कसा बदलतो, ते पाहण्यासारखे आहे. बोनसची सारी रक्कम एका भल्या मोठ्या पडद्यावर खर्च करण्याचा बेत मागे पडतो. श्रवणचाचणीत आजींना श्रवणयंत्राची गरज निघाली, तर पहिला वाटा त्याचा. उरलेल्यात खोलीला शोभेल असा मध्यम संच, आजींच्या खुर्चीजवळ ठेवता येईल असा एक साधा ध्वनिवर्धक, आरजी-6 ची नवी तार आणि जमिनीवर एक सतरंजी. नातवाला थोडे वाईट वाटते. मित्रांकडे याहून मोठे पडदे आहेत. पण जवळच्या ध्वनिवर्धकाचा एक लाभ त्यालाही होतो. संध्याकाळी अभ्यास करताना पलीकडच्या खोलीतून येणारा गोंगाट थांबतो, कारण आजींना आता आवाज मोठा करावा लागत नाही. हा लाभ भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांचाही आहे. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या 2000 सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली असून, रात्र म्हणजे दहा ते सहा अशी व्याख्या केली आहे. अरुंद गल्लीत, भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या माणसांना हा नियम कायद्याच्या आधी माणुसकीने ठाऊक असावयास हवा.

वस्तूंच्या बाजारात ग्राहकाला सतत सांगितले जाते की, जे नवे ते चांगले, जे मोठे ते चांगले आणि जे महाग ते सर्वांत चांगले. या तीन वाक्यांपुढे उभे राहण्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. टेपने अंतर मोजता यावे, व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार करता यावा, छिद्रावरचे नाव वाचता यावे आणि घरातील माणसाचे म्हणणे नीट ऐकता यावे, एवढे पुरे. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे. “ऐकू येतं, पण कळत नाही” हे वाक्य पुष्कळ घरांत पुष्कळ दिवस बोलले जाते आणि त्यावर आवाज वाढवण्यापलीकडे कोणी काही करीत नाही. ते वाक्य ज्याने लक्षपूर्वक ऐकले, त्याची निम्मी निवड दुकानात जाण्यापूर्वीच झालेली असते.